घरातलं खारं पाणी

पनवेलजवळच्या विचुंब्यातल्या आमच्या घराच्या मागच्या खोलीत समुद्राचे मासे आले ते एका शिकवणीमुळे. खारघरच्या एका टॉवरमध्ये मी दहावीच्या एका मुलीला विज्ञान शिकवायला जायचे. तिच्या वडिलांची परदेशी बदली झाली, सामानाची बांधाबांध सुरू झाली आणि हॉलमधली तीन फुटी काचेची टाकी कुणी घेईना. टाकीत दोन क्लाऊनफिश होते. नारिंगी अंग, त्यावर पांढरे पट्टे. मुलीची आई म्हणाली, “मॅडम, तुम्हीच न्या ना. दुकानात परत टाकायचा धीर होत नाही.” बी.एस्सी.ला प्राणिशास्त्र घेतलं होतं एवढ्याच भांडवलावर मी हो म्हणून बसले.

घरात आम्ही दोघंच, बाबा आणि मी. वरचा मजला भाड्याने दिलेला. आई जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती. भाऊ आणि वहिनी खारघरला राहतात. मी एक्केचाळीसची. लग्न झालं नाही आणि त्यात सांगण्यासारखंही काही नाही. स्थळं यायची थांबली, मग मीही वाट बघायची थांबले. बाबा बहात्तरचे. त्यांची निम्मी हयात खाडीकडच्या मिठागरात गेली. मी लहान असताना ते सकाळी सायकल काढून जायचे ते ऊन डोक्यावरून उतरल्यावर यायचे, पिंढऱ्यांवर पांढरे ओघळ वाळलेले असायचे. वाफ्यातल्या पाण्यात बोट बुडवून ते जिभेला लावायचे आणि मीठ कधी धरेल ते सांगायचे. मिठागर गेलं, शेती गेली, तिथे आता इमारती आहेत. बाबांचा दिवस ओट्यावर जायचा. उठल्यावर मिश्री, मग चहा, मग पेपर, मग पुन्हा मिश्री.

टाकी आली आणि ते ओट्यावरून उठून मागच्या खोलीत यायला लागले.

सुरुवातीला पाणी कुठून आणायचं हा प्रश्न होता. बाबांच्या मते त्यात प्रश्न नव्हताच. “करंज्याला जाऊ, चार कॅन भरून आनू.” भावाच्या गाडीतून आम्ही करंजा बंदरावर गेलो. धक्क्यापाशी पाण्यावर डिझेलचा रंगीत तवंग होता. बाबांनी ओळखीच्या एका होडीवाल्या नाखव्याला सांगून बाहेरच्या समुद्रातलं पाणी मागवलं, त्याने आणूनही दिलं, पण दर पंधरा दिवसांनी कुणाला कामाला लावणार. शेवटी मी मत्स्यालयासाठी मिळणारं मिठाचं पोतं मागवलं. फिल्टरच्या पाण्यात ते मीठ कालवायचं की झालं समुद्राचं पाणी. पोतं उघडताना बाबा शेजारी उभे होते.

“ये काय?”

“मीठ.”

“इकत आनलास?”

“हो.”

त्यांनी चिमूटभर तोंडात टाकलं आणि हसायला लागले. “आमी जलमभर मीठ इकला, नि माजी पोर मीठ इकत आनतं.” आई गेल्यापासून मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं. त्या हसण्यासाठीच मी टाकी ठेवली, असं म्हटलं तरी चालेल.

आठ महिन्यांनी जोडीने अंडी घातली. टाकीत मी एक छोटी मातीची कुंडी आडवी ठेवली होती, तिच्या आतल्या बाजूला. शेंदरी रंगाचे, तांदळाच्या कणीहून बारीक दाणे, एकमेकांना लागून उभे. नर रात्रंदिवस त्यांच्यावर पंख हलवत असायचा. मी वाचायला लागले, व्हिडिओ बघायला लागले. माझ्या लक्षात आलं की अंडी घालणं हा सोपा भाग आहे. आठवड्याभराने अंड्यांतून डोळे चमकायला लागतात, तेव्हा ती कुंडी वेगळ्या टाकीत हलवायची आणि अंधार करायचा. अंधार झाल्याशिवाय पिल्लं बाहेर येत नाहीत. मी संध्याकाळी सातलाच खोलीचे दिवे घालवून टाकीवर जुनी चादर टाकायचे. नऊच्या सुमारास चादर उचलली की पाण्यात पापणीच्या केसाएवढी शे-दीडशे पिल्लं वळवळत असायची.

आणि मग ती मरायची. त्यांच्या तोंडात मावेल असं अन्न म्हणजे डोळ्यांना न दिसणारे रोटिफर नावाचे जीव. ते मी खिडकीत हिरव्या पाण्याच्या बाटल्यांमध्ये वाढवायचे. चहाच्या भांड्यांपेक्षा त्या बाटल्याच माझ्या हातात जास्त असायच्या. तरीही पहिली खेप तिसऱ्या दिवशी संपली, दुसरी पाचव्या, तिसरी चौथ्या. सकाळी तळाशी पांढरट धूळ बसलेली दिसायची. ती नळीने ओढून बादलीत काढायची आणि बादली मोरीत ओतायची. इतक्या लहान जीवांचं दुःख करायचं म्हटलं तर कुणाला सांगायचीही लाज वाटते. वहिनी फोनवर म्हणाली, “ताई, एवढा त्रास कशाला करून घेता? बाजारात मिळतात ना.” तिचं बरोबरच होतं.

बाबा मात्र विचारायचे. “किती हायत?” मी आकडा सांगायचे. मेली म्हटलं की ते ओट्यावर जायचे. अधूनमधून मोठ्या टाकीत बोट बुडवून जिभेला लावायचे आणि मान हलवायचे. मी हसून सोडून द्यायचे.

चौथी खेप सातव्या दिवसापर्यंत पोचली. साठेक पिल्लं होती आणि त्यातल्या तीन-चार पिल्लांच्या डोक्यामागे पहिला पांढरा पट्टा उमटायला लागला होता. पट्टा आला की धोका टळला, असं सगळीकडे लिहिलेलं असतं. त्या दुपारी मी शिकवणीहून आले तर बाबा पिल्लांच्या टाकीपाशी वाकलेले. त्यांचं बोट पाण्यात होतं.

“बाय, पानी जड झालंय,” ते म्हणाले. “लय खारा हाय.”

“बाबा, मी सकाळीच मोजलंय. मीटरवर बरोबर आहे.”

“मीटरला काय कलतं? जड झालंय.”

“तुम्ही बोट नका घालू त्यात. लहान आहेत ती.”

ते बाजूला झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी साठच्या साठ पिल्लं तळाशी होती. पट्टेवालीसुद्धा.

मी नळी हातात घेऊन उभी होते, तेवढ्यात बाबा दारात आले आणि नेहमीसारखं विचारलं, “किती हायत?” त्यांच्या तर्जनीला मिश्रीचा काळा थर होता. तो मला दिसला आणि मला सगळं कळल्यासारखं वाटलं.

“एकही नाही. सगळी मेली. काल तुम्ही ते बोट घातलंत ना पाण्यात, त्याने मेली. तंबाखू आहे ती, बाबा. विष आहे. एवढीशी पोरं ती, विषात कशी जगतील?”

ते आपल्या बोटाकडे बघत राहिले. “माज्या बोटानं मेली?”

“मग कशाने?”

ते मोरीवर गेले आणि हात धुतल्याचा आवाज बराच वेळ येत राहिला. मी बादली ओतायला गेले तेव्हा ते ओट्यावर होते. त्या दिवसापासून ते मागच्या खोलीत आले नाहीत.

तंबाखू विष आहे, हे मी बाबांना त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा सांगितलं, आणि तेही माशांसाठी. हे मला आता कळतं. तेव्हा कळलं नाही.

पुढच्या महिन्यात आणखी एक गोष्ट झाली. नवीन पनवेलमध्ये मत्स्यालयाचं सामान विकणाऱ्या एका दुकानदाराकडे मी गेले होते. बोलता बोलता त्याने माझा मीटर तपासायला मागितला. खारेपणा मोजायचा मीटर, एक थेंब टाकून डोळ्याला लावून बघायचा. त्याच्याकडच्या प्रमाण पाण्याचा थेंब त्याने माझ्या मीटरवर टाकला आणि म्हणाला, “मॅडम, हा खूप कमी दाखवतोय. तुमचं पाणी खरं बरंच जास्त खारट असणार.” घरी येऊन मी नवीन मीटरने मोजलं. पाणी जड झालं होतं. बाबा बरोबर होते.

आता पिल्लं कशाने मेली ते कधीच कळणार नव्हतं. बोटाने मेली असतील, पाण्याने मेली असतील, नाहीतर दोन्हींनी. मी पाणी दुरुस्त केलं. बाबांना काही सांगितलं नाही. सांगायला हवं होतं. ओट्यावर जाऊन, “बाबा, तुमचं बरोबर निघालं,” एवढं एक वाक्य. मी रोज उद्यावर ढकलत गेले. ते रुसलेत, उतरेल राग, मग सांगू, असं मनाशी म्हणत राहिले.

ते कमी बोलायला लागले होते. मी विचारलं की हो-नाही एवढंच. जेवताना भात कालवून दूध घालून खायचे. तिखट कमी कर म्हणाले, मी केलं. करंज्याची सुकट त्यांच्या जिवाभावाची. ती भाजून ताटात वाढली तर त्यांनी हळूच ताटाच्या कडेला सारली. मी म्हटलं, “अजून राग आहे का बाबा?” त्यांनी मान हलवून नाही म्हटलं. मेडिकलमधून कसलं तरी तोंडाला लावायचं मलम ते स्वतःच आणायचे. त्याची ट्यूब मी खिडकीत पाहिली होती. उष्णतेमुळे तोंड आलं असेल असं समजून मी त्यांना गुलकंद आणून दिला.

असे अडीच-तीन महिने गेले.

एका रविवारी ते ओट्यावर बसून चहा पीत होते. बशीतला चहा निवल्यावर त्यांनी तो तोंडाच्या एकाच बाजूने, डोकं वाकडं करून प्यायला. मी समोर भाजी निवडत होते. “बाबा, तोंड उघडा,” मी म्हटलं. ते नको म्हणाले. मी पुन्हा म्हटलं. मुलांना रागावताना माझा जो आवाज लागतो, तो लागला असावा. त्यांनी तोंड उघडलं. जिभेच्या डाव्या कडेला, मागच्या बाजूला, चिंचोक्याएवढी जखम होती. कडा वर आलेल्या आणि पांढऱ्या. मी प्राणिशास्त्र शिकलेली बाई, मला पुढे सांगायची गरज नव्हती.

नवीन पनवेलच्या दातांच्या डॉक्टरांनी बॅटरीच्या उजेडात बघितलं आणि बाबांना बाहेर बसायला सांगितलं. मला म्हणाल्या, “किती दिवस आहे हे?”

“माहीत नाही.”

“घरात दोघंच राहता ना?”

त्यांनी सहज विचारलं असेल. त्यांनी चिठ्ठी लिहून दिली. “मोठ्या हॉस्पिटलला उद्याच जा. आठवडा घालवू नका.”

तपासण्या झाल्या, रिपोर्ट आले, नाव कळलं. भावाने रजा टाकली. ऑपरेशनमध्ये डाव्या बाजूची जीभ काढली, मानेतल्या गाठी काढल्या. शुद्धीवर आल्यावर नाकात नळी, गळ्याला टाके, आणि डोळे माझ्यावर. मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, “सगळं नीट झालंय, बाबा.” त्यांनी हात हलवला. पेन मागताहेत हे समजायला मला वेळ लागला. बाबा चौथीपर्यंत शिकलेले, शिकवणीच्या वहीच्या पाठकोऱ्या कागदावर त्यांनी मोठ्या अक्षरात लिहिलं, “पानी बदलला का.”

टाकीचं विचारत होते. दवाखान्याच्या धावपळीत मी तीन आठवडे टाकीकडे नीट पाहिलंही नव्हतं.

“बदललं,” मी खोटं सांगितलं.

पुढे रेडिएशन. सहा आठवडे, शनिवार-रविवार सोडून रोज. सकाळी रिक्षाने जायचं, नंबर लावायचा, दहा मिनिटांच्या कामासाठी दोन तास बसायचं. बाबांचं तोंड आतून सोलून निघालं. पाणी गिळतानासुद्धा डोळ्यांतून पाणी यायचं. मी शिकवण्या संध्याकाळच्या केल्या, दोन सोडल्या. माशांची जोडी आपल्या क्रमाने दर पंधरवड्याला अंडी घालत होती. आठव्या-नवव्या दिवशी संध्याकाळनंतर पिल्लं फुटून मोठ्या टाकीतच बाहेर यायची आणि फिल्टरमध्ये जायची, किंवा आईबापच खायचे. मी काही केलं नाही. सकाळी कुंडी स्वच्छ दिसली की बरं वाटायचं.

चौथ्या आठवड्यात एका दुपारी बाबा पलंगावर पडले होते. मी त्यांना कोमट पेज भरवत होते. त्यांचं बोलणं तोवर थोडं परत आलं होतं, पण शब्द घसरायचे. सवय झालेल्या माणसालाच कळायचे. एकदम म्हणाले, “अंडी हायत?”

“आहेत.”

“मंग?”

“मंग काय? मला नाही जमायचं आता.”

मलाच राहवलं नाही. चमचा वाटीत ठेवला आणि म्हटलं, “बाबा, त्या दिवशी मी तुम्हाला बोलले. तुमच्या बोटाने मेली म्हणून. मीटर खराब होता. पाणी खरंच जड झालं होतं. मला नंतर कळलं, आणि मी तुम्हाला सांगितलं नाही. तुम्ही रागावून यायचे बंद झालात असं मला वाटलं. तुम्हाला दुखत असेल हे मनातसुद्धा आलं नाही.”

बाबा एकेक शब्द जुळवत बोलले.

“रागानं नाय,” ते म्हणाले. “झोंबायचा. त्याच्या आदीपासून झोंबायचा.”

“कधीपासून?”

“दिवालीपासून आसंल. पयला नुसती चव कलायची. मंग झोंबाय लागला. त्या दिशी लय झोंबला. म्हनून बोल्लो पानी जड झालंय.”

ज्या जिभेचं मला लहानपणापासून कौतुक, तिने त्या दिवशी चव सांगितलीच नव्हती. जखमेने सांगितलं होतं. मी मनातल्या मनात दिवाळीपासून महिने मोजले आणि मोजायचे थांबवले.

“मग सांगितलं का नाही मला?”

“काय सांगू? आमच्या आगरात एक व्हता, माज्याच जोडीचा. त्याला आसाच झाला व्हता. मला ठावं व्हता काय हाय त्ये.” मग म्हणाले, “तू पोरांना शिकवाला जायचीस, मासं बगायचीस. म्हटला, चाललंय त्ये चालू दे.”

म्हणजे त्यांना माहीत होतं. ओट्यावर बसून ते राग धरत नव्हते. भीती धरून बसले होते आणि मी त्यांना गुलकंद देत होते. माझी माफी त्यांनी स्वीकारली की नाही हे त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. “पेज निवली,” म्हणाले. मी पुन्हा भरवायला घेतलं.

रेडिएशन संपल्यावर महिन्याभराने त्यांनी पुन्हा अंड्यांचा विषय काढला. या वेळी मी नाही म्हटलं नाही. त्यांची भूक मेली होती, वजन उतरलं होतं, आणि दिवसातून एकदा तरी त्यांनी पलंगावरून उठावं अशी माझी इच्छा होती. दवाखान्यात गेलो त्या दिवसापासून मिश्री सुटली होती. मी पिल्लांच्या टाकीसमोर त्यांच्यासाठी खुर्ची मांडली. रोटिफरच्या बाटल्या हलवायचं काम त्यांनी घेतलं. दिवसातून चार वेळा, न चुकता. बाटली उजेडाकडे धरून हिरव्या पाण्यात काही दिसतंय का ते बघत बसायचे. दिसत काहीच नाही, पण बघायचे. पाचवा दिवस गेला, सातवा गेला. नवव्या दिवशी पट्टे आले. मधल्या चार दिवसांत पुष्कळ मेली, का ते मला अजूनही सांगता येत नाही. शेवटी एकवीस राहिली.

मला खूप आनंद होईल असं वाटलं होतं. तसा झाला नाही. एकवीस इवलेसे नारिंगी मासे टाकीत फिरत होते, शेजारी बाबा खुर्चीत डोळे मिटून बसले होते, आणि त्यांच्या मानेवरच्या टाक्यांच्या रेषेच्या वर, कानाखाली, मला काहीतरी फुगल्यासारखं दिसत होतं. सावली असेल म्हणून मी दिवा हलवून पाहिला. सावली नव्हती.

मासे तीन महिन्यांचे झाल्यावर नवीन पनवेलच्या त्याच दुकानदाराने चौदा नेले. तेव्हा बाबा गेटपर्यंत आले होते. पिशव्यांमधली हवा पुरेल का, असं त्यांनी विचारलं. त्याला त्यांचे शब्द समजले नाहीत, मी सांगितले. सात आमच्याकडे आहेत.

ती गाठ मी पाहिल्याच्या तिसऱ्या दिवशी डॉक्टरांना दाखवली होती. तेव्हा त्यांनी ती सूज असल्याचं सांगितलं आणि ती उतरलीही. या महिन्यात दुसऱ्या बाजूला नवीन आली आहे. सोमवारी सुई घालून तपासायला घेतलं. बाबांना नेहमीचीच तपासणी आहे एवढंच सांगितलं होतं. भावाचा संध्याकाळी फोन आला. “बाबांना काही सांगू नकोस आत्ताच. रिपोर्ट येऊ दे. उगाच घाबरतील.”

मी बरं म्हटलं आणि फोन ठेवला. मग बाबांच्या पलंगाशी जाऊन बसले.

“बाबा, मानेत परत गाठ आहे. ती तपासायला दिली आहे. काही नसेलही. असेलही.”

“ठावं हाय,” ते म्हणाले. “हाताला लागतं माज्या.”

“कधीपासून?”

“पंदरा दिस झालं.”

“मला सांगायचं होतंत.”

“आता सांगितला ना.”

पंख्याचा आवाज येत होता. वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूंनी कुकर लावला होता. बाबांनी चादर गुडघ्यांवर ओढली.

“रिपोट कवा?”

“शुक्रवारी. साडेआठला निघायचं.”

“मंग गुरवारी न्हाव्याला बोलव,” ते म्हणाले. “दाडी वाडलीय. आसा कसा जाऊ?”